बॅटरी-संशोधकाची प्रकाशनांची यादी कशी वाचायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या एका विद्यार्थ्याला बॅटरी आणि ऊर्जा साठवणुकीच्या पदार्थांवर पीएच.डी. करायची आहे. दोन ठिकाणी जागा मिळते आहे. एका मार्गदर्शकांच्या नावावर तीनशेच्या वर पेपर, एच-इंडेक्स साठच्या पुढे, बरीचशी पेटंटं आणि ‘जगातल्या टॉप २ टक्के’ शास्त्रज्ञांच्या यादीत नाव. दुसऱ्या बाईंचे पेपर चाळीसच्या आसपास, यादीबिदीत नाव नाही. ‘आकडे बघता पहिलेच बरे ना?’ असं त्याने विचारलं आहे.

आकड्यांवरून काहीच सांगता येत नाही, हे माझं उत्तर. ‘दुसऱ्या बाईच चांगल्या’ असंही मी म्हणत नाही. दोघांचे प्रत्येकी पाच पेपर काढा, आणि सारांश व रंगीत चित्रं सोडून थेट प्रयोगाच्या कृतीच्या भागापासून वाचायला घ्या. मी वीसेक वर्षं कॅथोडची (बॅटरीच्या धन टोकाची) पावडर बनवते, सेल बांधते आणि इतरांचे पेपर तपासते. या विषयात माणसाचं काम ओळखायची जागा तीच आहे, असं माझं मत झालं आहे.

आधी आकड्यांचं बोलून मोकळी होते. एच-इंडेक्स ही कल्पना होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली मांडली. साठ पेपरांना प्रत्येकी किमान साठ संदर्भ मिळाले असतील, म्हणजे इतरांच्या पेपरांत तेवढ्यांदा उल्लेख झाला असेल, तर एच-इंडेक्स साठ. हा आकडा फक्त वाढतो, कमी कधीच होत नाही. काम थांबलं तरी तो आपला चढत राहतो. पेपरात तुमचं नाव पहिलं आहे की अकरावं, हे त्याला कळत नाही. प्रयोग करून लिहिलेला पेपर आणि दुसऱ्यांच्या दोनशे पेपरांचा आढावा घेणारा लेख, दोन्ही त्याला सारखेच. आमच्या विषयात आढावा-लेखांना संदर्भ भरभरून मिळतात, कारण नव्या विद्यार्थ्याला पेपराची प्रस्तावना लिहायची असते आणि आढाव्याचा संदर्भ दिला की काम भागतं. म्हणून कोणाचीही यादी समोर आली की आधी आढावा-लेख बाजूला काढा. पुष्कळदा यादीतले सगळ्यात जास्त संदर्भ मिळालेले पहिले दहा पेपर तेच असतात.

‘टॉप २ टक्के’ यादी म्हणजे स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन आयोअॅनिडिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संदर्भांच्या आकड्यांवरून तयार केलेली यादी. त्यात लेखकांच्या क्रमाला काही वजन दिलं आहे, स्वतःचेच संदर्भ वगळून हिशेब पाहता येतो, म्हणजे ती नुसत्या एच-इंडेक्सपेक्षा बरी. पण तिचे दोन भाग असतात, एक पूर्ण कारकिर्दीचा आणि एक त्या एका वर्षाचा. अभिनंदनाच्या फलकावर कोणता भाग ते कधीच लिहिलेलं नसतं.

मग नावांचा क्रम बघा. पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष हाताने काम करणाऱ्याचं, आणि ज्याच्या नावापुढे पत्रव्यवहाराची खूण असते तो त्या कामाची जबाबदारी घेणारा. मधली नावं अनेक कारणांनी येतात. कोणी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालची चित्रं काढून दिली, कोणी संगणकावर गणितं केली. त्यात गैर काही नाही, असे सहकारी नसतील तर आमची कामंच होत नाहीत. मात्र तीनशेपैकी दोनशे पेपरांत माणूस मधल्या रांगेत असेल, तर तो बहुधा अशा एखाद्या यंत्राचा किंवा तंत्राचा तज्ज्ञ आहे. तुम्हाला बॅटरी शिकायची असेल, तर हा फरक महत्त्वाचा.

आता खऱ्या कामाचा पेपर कसा दिसतो ते सांगते. १९९७ साली पाधी, नंजुंदस्वामी आणि गुडइनफ यांनी लिथियम आयर्न फॉस्फेटवरचा पेपर छापला. आज विजेवर चालणाऱ्या गाड्यांत आणि ग्रिडच्या (वीजपुरवठ्याच्या जाळ्याच्या) साठवणुकीत हा पदार्थ टनांनी वापरला जातो. पण मूळ पेपर काढून बघा. या पदार्थाची सैद्धांतिक क्षमता, म्हणजे एका ग्रॅममध्ये जास्तीत जास्त साठू शकणारा विद्युतभार, १७० मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम. लेखकांना मिळाली १०० ते ११०, आणि तीही अगदी कमी प्रवाहावर. ते त्यांनी लपवलं नाही. प्रवाह वाढवला की क्षमता घसरते, प्रवाह कमी केला की परत येते, म्हणजे पदार्थ बिघडत नाही, लिथियमची आतली वाटचाल संथ आहे, असं कारण दिलं आणि कमी शक्तीच्या बॅटरीसाठी हा उत्तम उमेदवार आहे एवढाच दावा केला. हाच निकाल आज कोणी छापायला पाठवला, तर ‘क्षमता अपेक्षेपेक्षा कमी’ म्हणून परत येईल अशी मला शंका आहे.

पुढची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. कणांवर कार्बनचा पातळ थर दिला की हा पदार्थ भराभर चालतो, हे मिशेल आर्मां यांच्या गटाने दाखवलं. २००२ मध्ये एमआयटीच्या गटाने दुसऱ्या धातूंचे अंश मिसळून विद्युतवाहकता कित्येक पटींनी वाढवल्याचं छापलं आणि क्षेत्रात खळबळ उडाली. दोनच वर्षांनी लिंडा नाझार यांच्या गटाने दाखवलं, की तापवताना कणांच्या पृष्ठभागावर धातूच्या फॉस्फाइडचं बारीक जाळं तयार होतं आणि वीज त्यातूनही वाहू शकते. दोन्ही पेपरांना संदर्भ मिळाले, आणि दोन्हींमुळे पदार्थ पुढे गेला. नंतरच्या पेपराने आधीचा प्रश्न उकलला, हे मात्र संदर्भांच्या आकड्यात कुठेही दिसत नाही. त्यासाठी पेपर वाचावे लागतात.

गुडइनफ यांचंच आणखी एक, कारण पुरस्कारांवरूनही काम मोजता येत नाही. लिथियम कोबाल्ट ऑक्साइड या कॅथोडच्या पदार्थाचा त्यांचा पेपर १९८० सालचा. तेव्हा ते साठीच्या उंबरठ्यावर होते. नोबेल मिळालं २०१९ मध्ये, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांच्याबरोबर. आणि ग्राफाइटमध्ये लिथियम परत-परत आत-बाहेर करता येतं हे १९८०च्या सुमारास दाखवणारे रशीद याझामी त्या तिघांत नव्हते; एक नोबेल तिघांच्या वर वाटत नाहीत.

आता कृतीच्या भागाकडे वळू. इथे जरा थांबते, कारण माझी स्वतःची फजिती इथेच झाली आहे.

विद्यार्थिदशेत मी लिथियम आयर्न फॉस्फेटचाच एक नमुना बनवला होता. पावडर, कार्बन ब्लॅक (वीज वाहून नेणारी काजळी) आणि बाइंडर (चिकटवणारा पदार्थ) ८०:१०:१० या प्रमाणात घोटून स्लरी, म्हणजे दाट मिश्रण, केली, ॲल्युमिनियमच्या फॉइलवर ओढली, वाळवली आणि १२ मिलिमीटर व्यासाच्या चकत्या पाडल्या. कॉइन सेल (नाण्याच्या आकाराचा छोटा सेल) बांधला, चार्जरवर लावला आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर आकडा होता १७१. सैद्धांतिक मर्यादेच्याही वर! मी आनंदाने गाइडकडे धावले. त्यांनी सेलकडे पाहिलंही नाही. एवढंच म्हणाले, ‘कोऱ्या फॉइलच्या दहा चकत्या पाड आणि एकेक वजन करून आण.’

मी वजनं केली आणि गप्प बसले. हिशेब असा. १२ मिलिमीटरच्या चकतीचं क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटिमीटर. फॉइल १५ मायक्रॉन जाडीची, म्हणजे चकतीचं वजन साधारण ४.६ मिलिग्रॅम. त्यावर माझं कोटिंग दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम १ मिलिग्रॅम, म्हणजे एकूण १.१३ मिलिग्रॅम, आणि त्यातला खरा पदार्थ ०.९. मी एकाच कोऱ्या चकतीचं वजन सगळ्यांतून वजा करत होते. फॉइलची जाडी जागोजागी तीन टक्क्यांनी जरी बदलली, तरी ०.१४ मिलिग्रॅमचा फरक पडतो. खरी क्षमता १५० असेल आणि कोटिंग तेवढं कमी धरलं गेलं, तर उत्तर येतं १७१. तराजू चांगला होता, सेल चांगला होता, चार्जरही चांगला होता. चूक वजाबाकीतली होती.

तेच कोटिंग दर चौरस सेंटिमीटरला १५ मिलिग्रॅम असतं, तर ही चूक एका टक्क्याच्या आत गेली असती. म्हणून पेपर हातात घेतला की मी पहिल्यांदा लोडिंग, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवर किती पदार्थ आहे, ते शोधते. विकाऊ सेलमध्ये कॅथोडचं लोडिंग दहा-वीस मिलिग्रॅमच्या घरात असतं. पेपरात ते एक-दोन असेल तर काम वाईट ठरत नाही. नवा पदार्थ पहिल्यांदा तपासताना पातळ कोटिंगच घेतात, मीही घेते. पण लोडिंग दिलंच नसेल, किंवा पूरक माहितीच्या सदतिसाव्या पानावर दडवलं असेल, आणि पेपराचं शीर्षक मात्र ‘अतिउच्च क्षमता’ असं असेल, तर सावध व्हा. एका पेपराच्या तपासणीत मी लोडिंग विचारलं, तर उत्तर आलं ‘इतर लेखकांप्रमाणेच’. तो पेपर पुढे दुसरीकडे छापूनही आला.

दुसरी गोष्ट म्हणजे समोर काय लावलं आहे. प्रयोगशाळेतल्या बहुतेक कॉइन सेलमध्ये एका बाजूला तपासायचा पदार्थ आणि दुसऱ्या बाजूला लिथियम धातूची चकती असते. ही चकती बऱ्याचदा पाव मिलिमीटर जाड असते. एक मायक्रॉन लिथियम म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ०.२ मिलिअँपिअर-तास, म्हणजे या चकतीत दर चौरस सेंटिमीटरला साधारण ५० मिलिअँपिअर-तासांचा साठा. समोरच्या माझ्या पातळ कोटिंगची गरज किती? ०.१२. म्हणजे घागर भरायची आहे आणि मागे तलाव आहे. दर सायकलला (चार्ज-डिस्चार्जच्या एका फेरीला) एक टक्का लिथियम वाया गेलं, तरी हजार सायकलमध्ये जाईल फक्त १.२, आणि आलेख मस्त सपाट दिसेल. आता तोच पदार्थ पूर्ण सेलमध्ये, म्हणजे समोर लिथियमचा जादा साठा नसताना, मोजक्या लिथियमवर चालवा. दर सायकलला ९९ टक्केच परत येत असेल, तर शंभर सायकलनंतर उरतं ३७ टक्के. हजार सायकलनंतर ८० टक्के उरायला हवं असेल, तर ही कार्यक्षमता ९९.९८ टक्क्यांच्या आसपास लागते. हिलाच कूलॉम्बिक कार्यक्षमता म्हणतात. म्हणून ‘कूलॉम्बिक कार्यक्षमता जवळजवळ १०० टक्के’ असं वाक्य वाचलं की मी विचारते, दशांशचिन्हानंतर किती आकडे? साध्या चार्जरवर तिसऱ्या-चौथ्या आकड्याची खात्री देता येत नाही.

याच एका प्रश्नाच्या मागे कॅनडाच्या डलहौसी विद्यापीठातले जेफ डान वर्षानुवर्षं लागले. इतक्या अचूकतेने मोजणारे चार्जर त्यांच्या गटाने स्वतः बांधले, कारण सेल दहा वर्षांनी मरणार की वीस, हे काही आठवड्यांत ओळखायचं तर दुसरा मार्ग नव्हता. २०१९ मध्ये त्यांच्या गटाने एका साध्या, मध्यम ऊर्जाघनतेच्या सेलचे वर्षानुवर्षांचे निकाल छापले. असे सेल गाडीला १६ लाख किलोमीटरहून जास्त चालवतील आणि ग्रिडवर किमान दोन दशकं टिकतील, असा त्यांचा अंदाज होता. त्यात नवा चमत्कारी पदार्थ नव्हता. इलेक्ट्रोडची घडण, इलेक्ट्रोलाइटचे (सेलमध्ये आयन वाहून नेणाऱ्या द्रवाचे) घटक, तापमानं, सगळं लिहून दिलं होतं, पुढच्यांनी आपल्या दाव्यांची तुलना याच्याशी करावी म्हणून. मला विचाराल तर संशोधकाची निर्मिती म्हणतात ती अशी.

लिथियमसारखंच इलेक्ट्रोलाइटचं प्रमाणही बघा. विकाऊ सेलमध्ये तो मोजून-मापून, दर अँपिअर-तासाला दोन-तीन ग्रॅम इतकाच घालतात. कॉइन सेलमध्ये थेंब टाकताना हात सैल सुटतो आणि प्रमाण कित्येक पट होतं. लिथियम-सल्फरच्या पेपरांत हे मुद्दाम तपासा, कारण तिथे सल्फरची संयुगं इलेक्ट्रोलाइटमध्ये विरघळतात आणि भरपूर द्रवात सगळं गोडच चालतं. सल्फरची सैद्धांतिक क्षमता १६७२ मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम, म्हणून मथळे मोठे. पण सल्फर, कार्बन, इलेक्ट्रोलाइट आणि जादा लिथियम यांचं वजन एकत्र धरलं, की मथळ्यातलं बरंचसं वजन तिथेच उतरतं.

सुपरकपॅसिटरच्या (झटपट चार्ज-डिस्चार्ज होणाऱ्या साठवणुकीच्या उपकरणाच्या) पेपरांबद्दल माझं मत जरा तिखट आहे. यादीत तीनशे पेपर असतील, तर त्यातले शंभर इथलेच असण्याची शक्यता मोठी, कारण प्रयोग लवकर होतो. निकेलच्या फोमवर निकेल किंवा कोबाल्टचं हायड्रॉक्साइड वाढवायचं, पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात बुडवायचं, आणि दर ग्रॅमला दोन-अडीच हजार फॅरड (कपॅसिटरची साठवण मोजायचं एकक) असं छापायचं. यात दोन घोळ आहेत. कपॅसिटरचा डिस्चार्जचा आलेख तिरप्या सरळ रेषेसारखा उतरतो. या पदार्थांचा आलेख मध्येच सपाट होतो, म्हणजे ते बॅटरीसारखे वागतात. त्यांची साठवण कूलॉम्ब किंवा मिलिअँपिअर-तासांत सांगायला हवी, फॅरडमध्ये सांगून अर्थ निघत नाही. ब्रूस, बेलांजे आणि लाँग यांनी २०१५ मध्ये हे इतकं स्वच्छ मांडलं, की त्यानंतर अनवधानाची सबब उरत नाही. दुसरा घोळ फोमचा. तो स्वतः दर चौरस सेंटिमीटरला तीस-चाळीस मिलिग्रॅम, त्यावरचा पदार्थ एखादा मिलिग्रॅम, आणि अल्कलीत फोमच्या पृष्ठभागावरही निकेल हायड्रॉक्साइड बनतं, तेही आपली भर घालतं. नुसत्या फोमचा आलेख शेजारी दिला आहे का, ते बघा. दिला असेल तर लेखकाबद्दल माझा आदर वाढतो.

पेटंटबद्दल थोडक्यात. अर्ज केल्यावर साधारण १८ महिन्यांनी तो आपोआप प्रसिद्ध होतो, मंजूर झाला असो वा नसो. त्यामुळे ‘पेटंट प्रकाशित’ या दोन शब्दांना फारसं वजन नाही. मंजूर आहे का, शुल्क भरून चालू ठेवलं आहे का, कोणी परवाना घेतला आहे का, एवढं विचारा. पेटंट-कार्यालयांच्या संकेतस्थळांवर पहिल्या दोन गोष्टी फुकट कळतात.

यादीत मी आणखी एक बघते, विषयाची चिकाटी. ग्राफीनची लाट आली तेव्हा ग्राफीन, मग एमएक्सीन, मग सोडियम, मग झिंक, मग घन इलेक्ट्रोलाइट, असं दर दोन-तीन वर्षांनी दुकान हलवणारे खूप आहेत. विषय बदलणं गुन्हा नाही. पण एखाद्या पदार्थावरचा त्या माणसाचा पहिला पेपर आणि दहावा पेपर शेजारी ठेवून बघा. दहाव्यात पहिल्यातली एखादी समजूत चुकीची निघाल्याचं लिहिलं आहे का? पहिल्या पेपरातला पदार्थ दुसऱ्या कोणत्या गटाने स्वतः बनवून पाहिला का? संदर्भ देणारे पेपर उघडले तर फरक लगेच कळतो. ‘अलीकडे यावर बरेच काम झाले आहे’ या वाक्याच्या शेवटी एकदम पंधरा संदर्भ टाकलेले असतात, त्यांतला एक असणं वेगळं. ‘आम्ही त्यांच्या पद्धतीने पावडर बनवली आणि आम्हाला १४८ मिळाले’ असं कोणी लिहिणं वेगळं.

तुमच्या निवडीबद्दल. तीनशे पेपरांच्या मार्गदर्शकांकडे मोठा गट असेल, यंत्रं असतील, शिफारसपत्राला वजन असेल. हे फायदे खरे आहेत आणि मी ते हलके लेखत नाही. चाळीस पेपरांच्या बाईंकडे कदाचित ग्लोव्ह बॉक्ससाठी (हवा-ओलावा न लागता सेल बांधायच्या बंद पेटीसाठी) रांग लावावी लागेल. पाच-पाच पेपर वाचून तुमचं मत बनेल. तरी प्रवेशाआधी दोन्ही प्रयोगशाळांत एकेक दिवस घालवा. गाइड जेवायला गेले, की तिथल्या सीनियर विद्यार्थ्यांना दोन गोष्टी विचारा. एक, एका निकालासाठी तुम्ही किती सेल बांधता? ‘तीन तरी, आणि तिन्हींचा आलेख देतो’ असं उत्तर चांगलं. ‘जो चांगला चालतो तो’ असं हसत-हसत सांगितलेलं उत्तरही मी ऐकलं आहे. दोन, मेलेल्या सेलचं काय करता?

आमच्याकडे त्यांचा एक खण आहे. प्रत्येकावर तारीख आणि कोटिंगचा क्रमांक. महिन्यातून एक दिवस ग्लोव्ह बॉक्समध्ये ते उघडतो, लिथियमवर काळपट थर किती चढला, सेपरेटर (दोन इलेक्ट्रोडांमधला पडदा) कुठे पिवळा पडला, कोटिंग फॉइलपासून सुटलं का, ते बघून वहीत लिहितो. माझ्या शेवटच्या चार पेपरांपैकी दोन त्या खणातून निघाले.